बेडक्याचा नमुना आणि रिपोर्टची वाट: टीबीच्या नोंदींचा इतिहास

बेडका तपासायला दिला की रुग्ण विचारतो, "रिपोर्ट कधी येणार?" उत्तर दोन प्रवासांवर अवलंबून असते. एक नमुन्याचा, दुसरा माहितीचा. आज या दुसऱ्या प्रवासाचा इतिहास पाहू.

रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये टीबीचा जंतू शोधला. भारतात राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बेडका तपासणे हा निदानाचा मुख्य आधार बनला. पण सूक्ष्मदर्शकात जंतू दिसतो, त्यावर कोणते औषध चालेल ते दिसत नाही. त्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. याला कल्चर म्हणतात. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो, त्यामुळे काही आठवडे जातात. ही सोय प्रत्येक तालुक्यात करता येत नाही. म्हणून नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे, म्हणजेच रेफरल लॅबकडे जातो. टीबी कार्यक्रमाच्या राज्य पातळीवरील अशा प्रयोगशाळा पुण्यात आणि नागपुरात आहेत.

कागदाचा काळ

नमुन्यासोबत कागदी अर्ज जायचा आणि निकालही कागदावरच परत यायचा. उमरीसारख्या गावाहून विचार केला तर अडचण लगेच कळते. रेल्वेने एका बाजूला नांदेड, दुसऱ्या बाजूला धर्माबाद आणि पुढे तेलंगणातले निजामाबाद. कामासाठी माणूस हैदराबादकडे निघून गेला, की रिपोर्ट गावात आणि रुग्ण परराज्यात. टीबीला नेहमीची औषधे लागू होत नसतील, तर मधल्या काळात त्याचा आजार वाढतो आणि घरच्यांनाही संसर्ग होऊ शकतो.

1997 पासून सुधारित कार्यक्रम देशभर पसरला. रजिस्टरे एकसारखी झाली. पण वरच्या कार्यालयांकडे दर तिमाहीला आकडेच जायचे: किती सापडले, किती बरे झाले. रुग्ण बेरजेत होता, नावाने नव्हता.

निक्षय

7 मे 2012 रोजी केंद्र सरकारने टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणे बंधनकारक केले. खासगी डॉक्टर आणि लॅबही त्यात आल्या. त्याच वर्षी 'निक्षय' ही संगणक प्रणाली सुरू झाली आणि 2018 मध्ये तिची नवी आवृत्ती आली. आता प्रत्येक रुग्णाला एक निक्षय क्रमांक मिळतो. तपासणीची मागणी, लॅबचा निकाल आणि उपचार त्याच क्रमांकावर नोंदवता येतात. रुग्ण दुसऱ्या राज्यात गेला तरी तिथल्या केंद्राकडे नोंद वर्ग करता येते. कोरोनाच्या वेळी स्वॅब दिल्यावर मिळणारा एसआरएफ क्रमांक आठवतो? कल्पना तीच: नमुना कुठेही जावो, ओळख हरवू नये.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सॉफ्टवेअरमुळे जंतू लवकर वाढत नाही. कल्चरला लागायचे ते आठवडे लागतातच. सीबीनॅट तपासणी सुमारे दोन तासांत होते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का तेही सांगते. पण ती वेगळी तपासणी आहे. शिवाय संगणकात चुकीचा मोबाईल नंबर भरला, तर तो सगळीकडे चुकीचाच दिसणार.

तुम्ही काय करावे?

- तोंडातली लाळ नको. खोल खोकून काढलेला बेडका द्या.
- नाव आधार कार्डावर आहे तसेच सांगा. चालू असलेला मोबाईल नंबर द्या.
- पूर्वी टीबीची औषधे घेतली असतील तर लपवू नका. पुढे कोणत्या तपासण्या करायच्या, हे त्यावरही ठरते.
- निक्षय क्रमांक लिहून घ्या. पोषण आहाराचे पैसेही याच नोंदीवरून बँक खात्यात जमा होतात. 2018 मध्ये ते महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 आहेत.
- गाव सोडण्याआधी आरोग्य केंद्रात सांगा, नोंद वर्ग करून घ्या आणि औषधे सोबत न्या.

रिपोर्ट वेळेत आला नाही तर गप्प बसू नका. क्रमांक घेऊन केंद्रात जा आणि विचारा. तो तुमचा हक्क आहे.