डोंगराअलीकडे, डोंगरापलीकडे: केरळ आणि तमिळनाडू



कुठलं राज्य पुढारलेलं, असं विचारलं की लोक रस्ते, कारखाने आणि उंच इमारती मोजतात. बाईच्या बाजूनं मोजायचं तर वेगळेच प्रश्न पडतात. जन्मलेलं मूल जगतं का? बाळंतीण धडधाकट घरी येते का? मुलगी शाळा पुरी करते का? बाईच्या हातात तिच्या कमाईचा पैसा येतो का? आज या प्रश्नांनी दक्षिणेकडची दोन शेजारी राज्यं पाहू या.

केरळ आणि तमिळनाडूच्या मध्ये आपल्याच सह्याद्रीची रांग उभी आहे. डोंगराच्या पश्चिमेला केरळ, भरपूर पावसाचं. पूर्वेला तमिळनाडू, बराचसा कोरडवाहू. 1971 साली केरळात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 58 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. तमिळनाडूत 113, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आणि केरळ काही श्रीमंत नव्हतं. तिथलं माणशी उत्पन्न तेव्हा देशाच्या सरासरीपेक्षाही कमी होतं. मग हा फरक आला कुठून?

त्यासाठी मागं जायला हवं. आजच्या केरळचा दक्षिण भाग म्हणजे पूर्वीचं त्रावणकोर संस्थान. तिथल्या राणी गौरी पार्वतीबाईंनी 1817 साली हुकूम काढला की शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलावा. पुढे मिशनऱ्यांनी शाळा आणि दवाखाने काढले. 1938 साली डॉ. मेरी पुन्नन लुकोस त्या संस्थानाच्या आरोग्य खात्याच्या प्रमुख झाल्या. तो काळ लक्षात घ्या. एक बाई सगळ्या सरकारी दवाखान्यांचा कारभार पाहत होती.

पण हे सगळं राजाराणीच्या दयेनं मिळालं, असं समजू नका. त्याच संस्थानात नाडार जातीच्या बायकांना अंगाचा वरचा भाग झाकायला मनाई होती. बायका मार खाऊन, कपडे फाडून घेऊन अनेक वर्षं लढल्या, तेव्हा 1859 साली त्यांना परवानगी मिळाली. तीसुद्धा अटी घालून. शाळा होत्या, पण दलित मुलांना दार बंद होतं. अय्यनकाली या पुढाऱ्यानं शेतमजुरांचा संप घडवला. आमची लेकरं शाळेत घेत नाही तोवर भाताच्या खाचरात पाय ठेवणार नाही, असं मजुरांनी ठरवलं. पुढे ते एका दलित मुलीला शाळेत घेऊन गेले, तर विरोध करणाऱ्यांनी शाळाच पेटवून दिली. तरी माघार घेतली नाही.

अशी भांडून मिळवलेली शाळा माणसाला आणखी भांडायला शिकवते. जोन मेंचर या अमेरिकेतल्या अभ्यासक बाईंनी दोन्ही राज्यांतल्या खेड्यांत काम केलं होतं. 1980 साली त्यांनी लिहिलं, की केरळात आरोग्य केंद्रात काही दिवस कुणी नसलं, तर लोक थेट कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतात. डॉक्टर हजर राहायचा, कारण लोक त्याला विचारायचे.

आता डोंगर ओलांडून तमिळनाडूत येऊ. 1956 साली राज्यांच्या हद्दी नव्यानं ठरल्या, तेव्हा नाडार बायकांच्या लढ्याचा कन्याकुमारीकडचा मुलूख याच राज्यात आला. तमिळनाडू उशिरा निघालं, पण निघाल्यावर थांबलं नाही. मुख्यमंत्री कामराज यांनी शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं. 1982 साली एम. जी. रामचंद्रन यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर वाढवलं. त्यांनी स्वतः लहानपणी उपास काढले होते. पैसा वाया जाईल, असं जाणकार म्हणत राहिले. पण मुलं शाळेत आली, टिकली. स्वयंपाकाच्या कामावर हजारो बायका लागल्या, त्यांत विधवा आणि निराधार बायकांना आधी जागा दिली. पुढे आरोग्य केंद्रांत तीन-तीन नर्स नेमून रात्रंदिवस बाळंतपणाची सोय केली. औषधं एका सरकारी महामंडळानं खरेदी करून केंद्रांना पुरवली.

2020 साली बालमृत्यू केरळात हजारी 6 होते आणि तमिळनाडूत 13. महाराष्ट्रात 16, आणि देशात 28. मागं राहिलेलं राज्य पन्नास वर्षांत एवढं पुढं आलं.

दोन्हीकडे उणीवही आहे. केरळात 2011 साली शंभरातल्या 92 बायका साक्षर होत्या, तमिळनाडूत 73. पण शिकलेल्या मुलींना काम मिळत नाही, हे केरळचं जुनं दुखणं आहे. कारखान्यांत काम करणाऱ्या बायका देशात सगळ्यांत जास्त तमिळनाडूत आहेत. त्याच तमिळनाडूत सेलम, धर्मपुरी भागात जन्मलेल्या मुलीला मारण्याची चाल होती. म्हणून 1992 साली सरकारला नकोशा मुलींसाठी पाळणे ठेवावे लागले. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचं प्रमाण तर तेव्हा महाराष्ट्रात तमिळनाडूपेक्षा कमी होतं. 2018 ते 2020 या काळात लाख जन्मांमागे केरळात 19, आपल्याकडे 33 आणि तमिळनाडूत 54 बायका दगावल्या. म्हणजे एकाच आकड्यावरून कुणाला मोठं ठरवू नये.

आपल्या शाळेतली खिचडीसुद्धा याच वाटेनं आली. पूर्वी आपली मुलं महिन्याला तीन किलो तांदूळ घरी आणायची. 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं देशभर शिजवलेलं जेवण द्यायला सांगितलं. तमिळनाडूत ते आधीच चालून दाखवलेलं होतं.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत आशाताईंना बोलवा आणि तीन गोष्टी वहीत लिहून घ्या. गेल्या वर्षी गावात किती बाळं जन्मली आणि त्यातलं एखादं दगावलं का? बाळंतपणं कुठं झाली? आपल्या उपकेंद्रात नर्सबाई रात्री असतात का? मग ती वही घेऊन महिला ग्रामसभेत जा, आणि उत्तर ठरावाच्या नोंदीत लिहून घेतल्याशिवाय उठू नका.