होय, मंत्रिमहोदय! : एका विनोदाची कुळकथा

मंत्री येतात नि जातात, साहेब मात्र खुर्चीला कायम! भारतातल्या सरकारी कचेरीत ज्याने खेटे घातले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच बीबीसीची 'येस मिनिस्टर' ही मालिका आपल्यापैकी अनेकांना परक्या देशातली वाटली नाही. आम्हीही पोट धरून हसलो आहोत. या मालिकेच्या कुळकथेचा एक धागा हिंदुस्थानातून निघतो, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातली सरकारी नोकरी वशिल्याने मिळे. चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये काम केले होते. पुढे ते लंडनला अर्थखात्यात वरिष्ठ अधिकारी झाले. त्यांनी आणि स्टॅफर्ड नॉर्थकोट यांनी १८५४ मध्ये अहवाल दिला : नोकरी परीक्षेवर द्या, बढती गुणांवर द्या. कंपनीच्या नोकऱ्या १८५३ च्या कायद्याने स्पर्धेला खुल्या झाल्याच होत्या. त्यांची पहिली परीक्षा १८५५ मध्ये झाली. खुद्द इंग्लंडात मात्र खुली परीक्षा सर्वसाधारण व्हायला १८७० साल उजाडले. म्हणजे हे औषध आधी हिंदुस्थानच्या कारभाराला दिले आणि मग घरच्यांना! अर्थात परीक्षा लंडनला असल्याने हिंदी तरुणांना ती दुर्लभच होती. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, ते पहिले हिंदी. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात झाली.

या सुधारणेतून कायम आणि पक्षनिरपेक्ष असा सरकारी अधिकारी जन्माला आला. कोणताही पक्ष निवडून येवो, त्याने इमानाने काम करायचे. वशिलेबाजीपेक्षा हे शतपटीने चांगले. पण त्यात एक गोम राहिली. मंत्री नवा, फाईल जुनी. आणि फाईल कुठे आहे हे फक्त साहेबांना ठाऊक.

अँटनी जे आणि जोनाथन लिन या लेखकांनी नेमकी हीच गोम पकडली. रिचर्ड क्रॉसमन या मजूर पक्षाच्या मंत्र्याच्या रोजनिशा सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झाल्या. सरकारने त्या अडवण्यासाठी कोर्टात धाव घेतली होती, पण १९७५ मध्ये ते हरले. मंत्री आणि सचिव यांच्यातली रस्सीखेच त्यांत उघडी पडली होती आणि लेखकांना त्यांचा मोठा उपयोग झाला. पहिला भाग तयार असूनही १९७९ च्या निवडणुकीपूर्वी तो दाखवला गेला नाही. अखेर २५ फेब्रुवारी १९८० रोजी मालिका सुरू झाली. 'येस प्राइम मिनिस्टर' धरून १९८८ पर्यंत एकूण ३८ भाग झाले. मंत्री हॅकर कोणत्या पक्षाचे, हे एकदाही सांगितलेले नाही.

१९८१ च्या एका भागात नवेकोरे इस्पितळ आहे. कारभारी मंडळी पाचशे, रोगी एकही नाही! आणि हे इस्पितळ किती उत्तम चालले आहे ते सर हम्फ्री शांतपणे पटवून देतात. आम्ही रसायनशास्त्राची माणसे. काही द्रव्ये क्रिया घडवतात, काही ती थोपवून धरतात, हे आम्हाला माहीत. सर हम्फ्री कोणत्या बाटलीतले, ते सांगायला नको.

पण या हसण्याला दुसरी बाजू आहे. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मालिका फार आवडे. जानेवारी १९८४ मध्ये एका पारितोषिक समारंभात त्यांनी स्वतः दोन्ही नटांबरोबर छोटा प्रवेश केला. ज्यांच्यावर टीका, तेच टाळ्या घेऊन गेले! सगळा दोष नोकरशाहीचा असे प्रेक्षकांनी मानले की निवडून आलेला नेता सहीसलामत सुटतो. वास्तविक मालिकेतले हॅकरही मते आणि वर्तमानपत्रे यांच्या धाकाने कितीदा तरी शेपूट घालतात.

आपल्याकडे १९७९ मध्ये जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' आला. अरुण साधू यांच्या कादंबऱ्या आणि तेंडुलकरांची पटकथा. तिथे लढाई खुर्चीसाठी पुढाऱ्यांची आपसात चालते आणि निळू फुले यांचा पत्रकार ती पाहत राहतो. इथे लढाई मंत्री आणि सचिव यांची. दोन्हीकडे सामान्य माणूस दाराबाहेरच. पुढे २००१ मध्ये 'येस मिनिस्टर'चा हिंदी अवतार 'जी मंत्रीजी' आला. फारूख शेख मंत्री झाले आणि विनोद दिल्लीच्या कचेरीत विनासायास रुजला. रुजणारच, रोप एकाच वाफ्यातले!

आता आपल्यापुरते. राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून, इथे रीतसर राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनाही पार्लमेंटसाठी मत देता येते. आपल्यातले बरेच जण नाव नोंदवत नाहीत. 'आपल्याला काय करायचंय' म्हणतात. ज्याचे मत नाही त्याचे हसू ना मंत्र्याला टोचते, ना सचिवाला. तेव्हा मालिका मुलांबरोबर जरूर पाहा, मनमुराद हसा, आणि मतदारयादीत आपले नाव आहे की नाही तेही पाहा. अर्ज भरायला मंडळाचे कार्यकर्ते आनंदाने मदत करतील. त्यासाठी फाईल उघडणार नाही, हे आमचे आश्वासन!