अनोळखी लोकांचे फोटो काढायची भीती वाटते? माणदेशातल्या जत्रा-बाजारातून समजून घेऊया

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडमध्ये सिद्धनाथाचा रथ निघतो. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि जिकडे पाहावं तिकडे मोबाईल वर गेलेले दिसतात. त्या गर्दीत फोटो काढताना कुणालाच संकोच वाटत नाही. पण नंतर त्याच गावच्या आठवडी बाजारात शेळी विकायला उभ्या असलेल्या एखाद्या आबांसमोर कॅमेरा उचलायचा म्हटलं, की हात जड होतो. काय म्हणतील? ओरडतील का? चार लोक जमले तर?

फोटोग्राफी शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही अडचण येते. रील्स करणाऱ्यांनाही येते, फक्त ते बोलून दाखवत नाहीत.

ही भीती येते कुठून?

एक भाग आपल्या डोक्यातला असतो. सगळे आपल्याकडेच बघतायत असं आपल्याला वाटतं. मानसशास्त्रात याला ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ म्हणतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये यावरचा एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव भाग लोकांनाही तो लक्षात राहिला नव्हता. बाजारातही तसंच असतं. भाजीवाल्या मावशींचं लक्ष गिऱ्हाइकावर आणि तराजूवर असतं, तुमच्यावर नाही.

पण भीतीचा दुसरा भाग खरा आहे आणि तो टी-शर्टच्या प्रयोगाने जात नाही. ‘या माणसाचा चेहरा मी न विचारता घेऊन चाललोय’ ही टोचणी असते. बहुतेक यूट्यूब व्हिडिओ या दोन्ही भागांना एकच समजतात आणि ‘बिनधास्त व्हा’ म्हणून मोकळे होतात. पहिला भाग सरावाने कमी करायचा असतो. दुसऱ्याचं ऐकायचं असतं.

माणदेशात हा प्रश्न जास्त टोकदार का?

माण तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे दुष्काळ पडला की कॅमेरे इकडे येतात. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने जनावरांची मोठी छावणी चालवली होती. माणसं आपली खिल्लार बैलं, गाई घेऊन महिनोन्‌महिने तिथे राहिली. २०१९ मध्ये पुन्हा छावण्या लागल्या. भेगाळलेली जमीन, डोक्यावर हंडा, सुरकुतलेला चेहरा हे फोटो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेत याच तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली, तरी ‘माण’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो हंडाच. त्यामुळे इथे कॅमेरा दिसला की ‘कुठल्या पेपरात येणार?’ हा प्रश्न साधी चौकशी नसते. आपला चेहरा कुठे आणि कशासाठी वापरला जाणार, हे त्या माणसाला कळायला हवं असतं.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचे मोजके फोटो काढले. त्यातला एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून मंदीच्या काळाचा चेहरा बनला. लँग यांनी तिचं नावही विचारलं नव्हतं. १९७८ मध्ये एका पत्रकाराने तिला शोधलं, तेव्हा फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळलं. आपला फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. त्या फोटोतून तिला एक पैसाही मिळाला नव्हता.

उलट बाजूचं उदाहरण मराठीच आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे (२०१६ चे पद्मश्री) यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं. एकदा येऊन गेलेल्या माणसाला असे फोटो मिळत नाहीत.

मग सुरुवात कुठून करायची?

जिथे लोक स्वतःहून बघितले जाण्यासाठी उभे असतात, तिथून. धनगरांचं गजीनृत्य, म्हसवडचा रथ, चैत्रात शिखर शिंगणापूरला मुंगी घाटातून वर चढणाऱ्या कावडी. इथे नाचणाऱ्याला, कावड ओढणाऱ्याला कॅमेऱ्याचं ओझं वाटत नाही. एक दिवस फक्त तेवढंच करा. (मुंगी घाटात मात्र कावडीच्या वाटेत उभं राहू नका. फोटोपेक्षा ती माणसं महत्त्वाची.)

मग बाजार. एकाच बाजाराला तीन-चार वेळा जा. पहिल्यांदा कॅमेरा पिशवीतच राहू द्या, चहा प्या, काहीतरी विकत घ्या. पुढच्या वेळी हात, घुंगरमाळा, घोंगड्या, दावणीची जनावरं टिपा. शेळीचा फोटो काढला की शेळीचा मालक स्वतःच बोलायला येतो, हे अगदी हमखास.

लांबून झूम लावून गुपचूप फोटो काढणं सोपं वाटतं, पण त्याने भीती वाढते. लपून केलं की पकडले जाण्याची धास्ती आलीच. मोबाईल असो वा ३५ मिलिमीटरची लेन्स, दोन पावलांवर, समोर उभं राहून काढा.

विचारायचं कसं?

‘मामा, एक फोटो काढू का तुमचा?’ एवढंच. आबा, मावशी, आज्जी, जे शोभेल ते. आणि लगेच पुढचं वाक्य : मी कोण, फोटो कुठे टाकणार. इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर तसंच सांगा.

विचारल्यावर क्षण मरतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. खरं आहे. आबा हो म्हणतात, फेटा नीट करतात आणि पोलीस परेडला उभं राहिल्यासारखे ताठ होतात. तेव्हा हिरमुसू नका. तो त्यांना हवा असलेला फोटो आहे, तो आधी मन लावून काढा आणि स्क्रीनवर दाखवा. मग गप्पा मारा : जनावर किती दाताचं, भाव काय निघाला, पाऊस झाला का. पाच मिनिटांत ते तुम्हाला विसरून सौद्याला लागतात. तुम्हाला हवा असलेला फोटो तेव्हा मिळतो, आणि परवानगी आधीच घेतलेली असते. मला स्वतःला हा क्रम कळायला बरेच बाजार लागले.

कधी आधी क्लिक करून मग विचारावं लागतं, तेही चालतं. पण नको म्हटलं तर वाद न घालता त्यांच्यासमोर डिलीट करा. ‘रिसेंटली डिलीटेड’मधूनही.

कायदा काय सांगतो?

भारतात सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याचा फोटो काढण्यावर सरसकट बंदी नाही. मात्र २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. स्त्रीच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई शरीराच्या खासगी भागांच्या विनासंमती चित्रणाबद्दल आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. लहान मुलांचा फोटो आई-वडिलांना विचारूनच काढावा. फोटो जाहिरातीसाठी वापरायचा असेल तर संमती लेखी घ्या. देवळाच्या गाभाऱ्यात बोर्ड काय म्हणतो ते पाहा.

जिथे माणूस अडचणीत आहे तिथे, म्हणजे छावणी, दवाखाना, मयत अशा ठिकाणी, हात थरथरत असेल तर थरथरू द्या. तिथे आधी कॅमेरा खाली ठेवून बोलणं होऊ द्यावं. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मध्ये याच मुलखातली माणसं शब्दांत उभी केली. ते मूळचे इथलेच, आटपाडीजवळच्या माडगूळचे. बाहेरून येणाऱ्याकडे ती ओळख नसते, ती थोडीतरी करून घ्यावी लागते.

फोटो परत द्या

व्हॉट्सअ‍ॅप नंबर मिळाला तर त्याच दिवशी पाठवा. साधा फोन असेल तर प्रिंट काढून पुढच्या बाजाराला घेऊन जा. नाव माहीत नसलं तरी अडत नाही. शेजारच्या चहावाल्याला प्रिंट दाखवा, तो गाव आणि भावकीसकट सांगेल. तेवढ्यात दोघं-तिघं प्रिंट बघायला जमतात आणि त्यातलाच एक म्हणतो, ‘आमचा पण काढा की एक.’