तांबडा घरचा, लाल दरबारचा

लोणावळ्याजवळच्या औंढ्यात पहिला जोराचा पाऊस झाला की ओढ्याला येतं ते तांबडं पाणी. महामार्गावरून धावणारी एसटी मात्र लालपरी. तिला तांबडी कुणी म्हणत नाही. शब्दकोशात शेजारी-शेजारी बसणाऱ्या या दोन शब्दांचं कूळ अगदी वेगळं आहे.

तांबडा घरचा. संस्कृत ताम्र, प्राकृतात तंब, मराठीत तांबं. त्याला 'ड' चिकटून तांबडा झाला. धातूवरून आला म्हणून त्याचा पैस मोठा. चिंचेने घासलेल्या घागरीपासून चुलीवर कळकटलेल्या हंड्यापर्यंत तांब्याच्या जेवढ्या छटा, तेवढ्या सगळ्या त्यात मावतात. म्हणूनच विटकरी अंगाची गाय तांबडी, केशरी गराचा भोपळाही तांबडा आणि सूर्य उगवण्याआधी पूर्वेला फुटतं तेही तांबडंच.

लाल आला फारसीतून. तिथे मूळ शब्द माणकासारख्या रत्नाचा. बदख्शानच्या खाणींतली ही रत्नं नावाजलेली होती. खड्याचं नाव रंगाला मिळालं. इंग्रजीतल्या 'रूबी'चा प्रवास नेमका उलटा: लॅटिनमधल्या लाल रंगाच्या शब्दावरून खड्याचं नाव पडलं. बहमनी काळापासून दख्खनेत फारसी कारभाराची भाषा झाली आणि तिच्याबरोबर असे कितीतरी शब्द मराठीत मुरले. पुण्यात या दोन्ही कुळांच्या खुणा हाकेच्या अंतरावर आहेत. शिवाजीमहाराजांनी 1663 साली शाइस्तेखानावर छापा घातला तो लाल महालात. तिथून थोडं चाललं की तांबडी जोगेश्वरी. वाडा लाल, देवी तांबडी, आणि पुणेकर त्यांची अदलाबदल करत नाहीत.

इंग्रजीतही हीच गत. 'क्रिमझन' आला किर्मिझ या किड्यापासून काढलेल्या रंगावरून. आपला किरमिजी त्याचाच भाऊबंद. 'स्कार्लेट' आधी उंची लोकरी कापडाचं नाव होतं, कापड कोणत्याही रंगाचं असो. रंगाचा अर्थ मागाहून चिकटला. आज पहिला गडद, जांभळटाकडे झुकणारा, तर दुसरा उजळ, शेंदरी झाक असलेला.

मराठीने दोघांना कामं वाटून दिली. एकच ठसठशीत छटा हवी तिथे लाल: लालभडक, लालबुंद, लालचुटूक. पुढे लाल बावटा आणि लाल फीत आली तीही त्याच्याच वाट्याला. भाजून, मळून, शिजून बदलत जाणारा रंग बहुधा तांबड्याकडे राहिला. चकली तांबूस रंगावर तळावी, असं पाककृतींत छापतात ते याच हिशेबाने: कढईतली चकली सोनेरी, बदामी होत तांब्यापर्यंत पोचते, माणकापर्यंत कधीच नाही.