सिसरोची कीर्ती

इ. स. पूर्व ४३ च्या ७ डिसेंबरला फॉर्मिए गावाजवळ समुद्राकडे निघालेला एक मेणा मारेकऱ्यांनी गाठला. आत चौसष्टाव्या वर्षात असलेला सिसरो होता. त्याने आपण होऊन मान पुढे केली, असे प्लुटार्क सांगतो. अँटनीविरुद्ध त्याने चौदा भाषणे रचली होती. त्यांतले सर्वांत जहरी दुसरे तर सभेत कधी झालेच नाही, लिहूनच पसरले. ज्या व्यासपीठावरून त्याने रोम गाजविले, त्याच व्यासपीठावर अँटनीच्या हुकुमाने त्याचे शिर आणि लिहिणारा हात टांगण्यात आला. बोलणाऱ्याची भीती राज्यकर्त्याला किती वाटते, याचे याहून उघड प्रमाणपत्र कोणते हवे?

परंतु श्रोतेहो, हौतात्म्याच्या तेजाने दिपून जाऊ नये. इ. स. पूर्व ६३ मध्ये कॉन्सल असताना याच सिसरोने कॅटिलाइनच्या कटातील पाच जणांना चौकशीवाचून फाशी दिले. सीनेटने अनुमती दिली होती हे खरे. पण रोमन नागरिकाला न्यायासनापुढे न आणता मारणे कायद्याला धरून नव्हते. इ. स. पूर्व ५८ मध्ये त्याला त्यासाठी हद्दपार व्हावे लागले, घर जमीनदोस्त झाले. आणि पुढे जन्मभर त्या कॉन्सलपदाच्या वर्षाची बढाई त्याने सोडली नाही. त्यावर स्वतःच काव्य रचले! आपल्याकडे कीर्तनकारानेही स्वतःचे आख्यान लावल्याचे ऐकिवात नाही.

मग हा माणूस टिकला कशाने? वक्तृत्व तर बोलणाऱ्याबरोबर जाते. माझ्या मते तो टिकला त्याच्या भाषेने. ग्रीकांचे तत्त्वज्ञान लॅटिनमध्ये सांगायला शब्दच नव्हते. ते त्याने घडविले. इ. स. पूर्व ४५ मध्ये लाडकी मुलगी टुलिया गेली. त्या दुःखात तो विजनात जाऊन लिहीत सुटला, आणि अवघ्या दोन वर्षांत त्याचे बहुतेक तत्त्वज्ञानपर ग्रंथ तयार झाले. गुण, नीती यांसाठी युरोप आज वापरतो ते शब्द त्याच्या टाकसाळीतले आहेत.

१३४५ मध्ये व्हेरोना येथे पेट्रार्कला त्याची ॲटिकसला लिहिलेली पत्रे सापडली. आराध्य पुरुष तेथे कचरणारा, रडणारा, क्षणोक्षणी मत बदलणारा दिसला. पेट्रार्क इतका व्यथित झाला की त्याने चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसरोलाच पत्र लिहून जाब विचारला. मला मात्र त्या पत्रांतला सिसरोच अधिक जवळचा वाटतो. भित्रा माणूस अखेरच्या वर्षी अँटनीपुढे उभा राहिला, यातच त्याची थोरवी.

त्याचा 'राज्यव्यवस्था' हा ग्रंथ मध्ययुगात बहुतांशी लुप्त झाला होता. जुने चर्मपत्र घासून त्यावर नवे लिहावे, अशी त्या काळची रीत. १८१९ मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आंजेलो माईला अशाच एका पोथीतील अक्षरांखाली त्या ग्रंथाचा मोठा भाग सापडला. वरची अक्षरे संत ऑगस्टाईनच्या स्तोत्रभाष्याची होती. त्याच ऑगस्टाईनला एकोणिसाव्या वर्षी तत्त्वज्ञानाकडे वळविणारा सिसरोचा 'हॉर्टेन्सिअस' मात्र अजून सापडलेला नाही.