टाटांचं विमान थांबलं कसं?

वर्ध्यात विमान म्हटलं की आपल्याला नागपूर आठवतं, आणि धावपट्टी म्हणजे लांबलचक डांबरी पट्टा. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ही तारीख तुम्हाला पाठ असेल. मी मात्र वाचताना वेगळ्याच ठिकाणी अडलो: उतरल्यावर विमान थांबायचं कसं?

विमान होतं पस मॉथ. पुढे दोन चाकं, शेपटी जमिनीला टेकलेली, पंखांना फ्लॅप नाहीत. आणि जुहू म्हणजे मातीचं मैदान; पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग टपालसेवा पुण्याला हलवावी लागे.

फ्लॅप नसले की विमान तरंगत राहतं आणि जागा संपत जाते. पस मॉथमध्ये यावर मजेशीर तोड होती. चाकांच्या दांड्यांवरची आवरणं 90 अंशांत फिरवता यायची. एरवी ती हवा कापत, उतरताना आडवी होऊन हवा अडवत. त्यामुळे वेग न वाढवता तीव्र उतारानं खाली येता येई. शेवटी नाक वर धरून चाकं आणि शेपटी एकदमच टेकवायची, शक्य तितक्या कमी वेगात. गणित करून बघा ना: वेग 10 टक्के कमी, तर गतिज ऊर्जा 19 टक्के कमी! अशा विमानात ब्रेकवर भिस्त ठेवून चालत नाही. वस्तुमानकेंद्र पुढच्या चाकांच्या जरासंच मागे असतं. करकचून ब्रेक लावला की विमान नाकावर.

1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, जेआरडींनी हाच प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान होतं लेपर्ड मॉथ, पस मॉथचंच धाकटं भावंड. त्याचीही आवरणं तशीच फिरायची.