कासऱ्यापासून हँडलपर्यंत
नागपूर–रायपूर या जुन्या ग्रेट ईस्टर्न रोडवर, म्हणजे आजच्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर, भंडारा, लाखनी व साकोली वसलेली आहेत. भाताच्या या मुलखात बंडी, म्हणजे बैलगाडी, हाकण्यास वयाची अट नव्हती आणि कासरा पेलणारा मुलगा घरात कर्ता गणला जाई. मोटारीसाठी मात्र 1914 च्या कायद्याने अठरा वर्षांची मर्यादा घातली; 1988 च्या कायद्याने बिनगिअरच्या दुचाकीला दिलेली सोळा वर्षांची सवलत पुढे 50 घनसेंटिमीटर इंजिनापुरती सीमित झाली. शेतवाटेवरचा जुना विश्वास महामार्गावर जीवघेणा ठरतो, कारण वाट ओळखणारा बैल तेथे सोबत नसतो. 2019 च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालकास वा वाहनमालकास 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली, जी कठोर असली तरी रास्तच म्हणावी लागते.